पिवळ्या डबीतली त्रेचाळीस

१४ एप्रिल १९९३, बुधवार

प्रिय नॉरिस,

बंदुका दुरुस्त करणाऱ्या ड्वाइटने आज सकाळी फोन करून पक्कं सांगितलं, मर्लची रायफल दुरुस्त होणार नाही. बोल्ट अडकला तो अडकलाच. हातोडीने मारून काढावा लागला, आणि काढल्यावर कळलं की काडतुसाच्या पुंगळीचं बूड पितळ वितळल्यासारखं पसरलंय. मर्ल ठीक आहे. गाल भाजलाय, भुवई गेली आहे. नव्या वासरांच्या मागे कोयोटी लागला होता म्हणून त्याने गेल्या शनिवारी एकच गोळी झाडली, ती ही.

ते काडतूस मी भरलेलं होतं. मार्च १९९० मधलं.

भावाचं तीन वर्षांत पहिलं पत्र आणि त्यात ही बातमी, म्हणून राग आला तर समजू शकतो. पण मला काम आहे. त्याच वेळी भरलेली पन्नास मी तुला पिवळ्या प्लास्टिकच्या डबीत दिली होती. झाकणाच्या आत माझी चिठ्ठी असेल, तारीख ११ मार्च. सात तू झाडलीस. सातव्याच्या वेळी काय झालं ते तुला सांगायला नको. उरली त्रेचाळीस. ती झाडू नकोस, कुणाला देऊ नकोस. डबी तशीच माझ्याकडे पाठवून दे, टपालखर्च मी देईन. टपालवाले काडतुसं घेणार नाहीत म्हणाले तर आपली आर्लिस माइल्स सिटीला तुझ्याकडे येते तेव्हा तिच्या गाडीत दे.

ड्वाइटचं म्हणणं की बारूद जुनं झालं की असं होतं. उन्हाळ्यात गाडीत तापलं, हिवाळ्यात गोठलं, की त्याचा स्वभाव बदलतो. म्हणजे कुणाचा दोष असं नाही. वयाचा दोष.

आर्लिसच्या ईस्टरच्या कार्डात होतं की तुझ्या स्विफ्ट रायफलीला तिथे नवी नळी आणि नवा बोल्ट बसवलाय, आणि ती आता जोलीन चालवते. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बिळांतले गोफर मारायला शेजारच्या कुरणात जाणार आहे असंही होतं. म्हणूनच लिहितोय. तुझी पोर नेम चांगला धरते म्हणे. तुझ्यावर गेली असेल.

मी स्वतः आलो असतो. मार्चमध्ये खुबा बदलला, मे संपेपर्यंत गाडी चालवायला मनाई आहे. घरात चार पायांची काठी घेऊन फिरतो. तुला सोमवारी फोन केला होता. मी ‘नॉरिस’ म्हणालो आणि तू ठेवलास. त्यात नवल नाही.

डबी पाठव.

व्हर्लिन


२१ एप्रिल, बुधवार

प्रिय नॉरिस,

तुझं कार्ड काल मिळालं. तुझं अक्षर आता डावीकडे झुकतं. पूर्वी नव्हतं झुकत. एका डोळ्याने लिहायचं म्हणजे तसं होत असणार.

तू लिहिलंस: ‘बारूद कोरडं ठेवलं तर वीस वर्षं टिकतं, असं तूच शिकवलंस. डबी पलंगाखाली कोरड्यात आहे. जोलीनने परवा त्यातली तीन झाडून बघितली. शंभर यार्डांवर तिन्ही भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकली जातात. काडतुसात काही वाईट नाही. वाईट माझ्या हातात होतं, असंही तूच सांगितलंस. तुझ्या हातचं माझ्याकडे एवढंच उरलंय, ते मी परत पाठवणार नाही.’

कार्ड वाचून मी स्वयंपाकघरात बसलो. तीन झाडली. त्या तिन्हींच्या वेळी पोरीचा गाल लाकडाला टेकलेला होता.

नॉरिस, ड्वाइट वयाचा दोष म्हणाला नाही. ते मी घातलं. ड्वाइटने मर्लकडची उरलेली एकोणीस काडतुसं उघडली, गोळ्या उपटल्या आणि एकेकातलं बारूद पांढऱ्या कागदावर ओतलं. चौदांमध्ये लांब दाणे होते, असायला हवेत तसे. पाचांमध्ये लांब आणि आखूड मिसळलेले. आखूड म्हणजे लहान काडतुसाचं, भडकन पेटणारं बारूद. स्विफ्टच्या मोठ्या पुंगळीत ते तेवढ्याच वजनाने भरलं की काय होतं ते तू पाहिलंयस.

म्हणून तुझी तीन चांगली निघाली याला काही अर्थ नाही. तुझी आधीची सहाही चांगली निघाली होती. डबीत चांगली आणि वाईट शेजारी शेजारी उभी आहेत, बाहेरून सारखीच दिसतात. मलाही ओळखता येणार नाहीत.

कसं झालं ते सांगतो. तू वाचताना माझ्याआधीच ओळखशील.

११ मार्चला दुपारी मी मर्लच्या बायकोच्या लहान रायफलीची काडतुसं भरत होतो. मापाच्या नळकांड्यात आखूड दाण्यांचं बारूद अर्ध्यापर्यंत होतं. इस्पितळातून फोन आला, माझ्या आयलीनला पुन्हा झटका आला होता. मी दिवा तसाच सोडून निघालो. तीन दिवस तिथे खुर्चीत झोपलो. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले घरी जा, अंघोळ करा. अंघोळ केली, आणि घरात काय करावं ते सुचेना म्हणून तळघरात गेलो. तुझी पन्नास आणि मर्लची वीस करायची राहिली होती. फळीवरून लांब दाण्यांचा डबा काढला आणि नळकांड्यात ओतला. आत आधीच अर्धं भरलेलं होतं. मला वाटलं तेच असेल.

बाकावर एका वेळी एकच डबा. उठताना माप रिकामं करायचं, घरात आग लागली तरी रिकामं करायचं. हा नियम मी तुझ्या डोक्यात किती वेळा घातला असेन. तू एकदा कॉफी घ्यायला वर गेलास आणि माप भरलेलं राहिलं, तर मी सगळं तुझ्यासमोर अंगणात फेकलं होतं आणि आठवडाभर तुला बाकाला हात लावू दिला नव्हता. तू चाळीस वर्षांचा होतास तेव्हा.

प्रत्येक काडतुसाचं बारूद मी तराजूवर मोजलं. कणाकणापर्यंत बरोबर. तराजू किती ते सांगतो, कशाचं ते सांगत नाही. पुंगळ्यांच्या माना सारख्या कापल्या, गोळ्या एकाच खोलीवर बसवल्या, फिरवून बघितल्या. त्या दिवशी माझा हात जितका स्थिर होता तितका नंतर कधी नव्हता. चिठ्ठीवर तारीख मात्र ११ घातली, काम सुरू केलं तो दिवस. मधले दिवस माझ्या लेखी नव्हतेच.

हे मला ड्वाइटच्या फोनवरून गेल्या आठवड्यात कळलं. कळल्याबरोबर तुला लिहिलं. खरं कारण लिहिलं नाही ते चुकलं.

त्या दिवशी तुझी साफसफाईची चिंधी नळीत राहिली नव्हती. डबी कुलपात ठेव, जोलीनला सांग.

व्हर्लिन


२६ एप्रिल, सोमवार

नॉरिस,

काल जोलीनचा फोन आला होता. तुला माहीत नसेल, गुरांच्या खाद्याच्या दुकानातून केला, तिच्या कामावरून. मागे कुणीतरी पोती मोजत होतं.

म्हणाली, “व्हर्लिनकाका, तुमचं पत्र मी वाचलं. बाबांनीही वाचलं. पण बाबा मानत नाहीत.”

मी म्हटलं, “काय मानत नाही?”

“म्हणतात, व्हर्लिन म्हातारा झाला, खुब्यात लोखंड बसवलं, आता त्याला सगळ्यांशी गोड व्हायचंय. माझी चूक अंगावर घेतोय. मोठा भाऊ आहे ना.”

“मी आयुष्यात कुणाची चूक अंगावर घेतली आहे का?”

“तेच मी म्हटलं त्यांना,” ती म्हणाली. नॉरिस, तुझी पोर तोंडाला फटकळ आहे. “पण ऐकत नाहीत. डबीची किल्ली त्यांच्या खिशात आहे. म्हणतात, पुढच्या रविवारी कुरणात जाऊन डाव्या डोळ्याने स्वतः एक झाडतो आणि त्याला कळवतो की काडतूस चांगलं होतं.”

“तू अडव त्याला.”

“मी दुसरं काय करतेय? पण काका, मला एक सांगा. तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हटलं, “गेल्या आठवड्यात.”

तिने तिकडे कुणाला तरी पोत्यांचा आकडा सांगितला. मग म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. तिच्या ‘बरं’ मध्ये तुझा आवाज होता.

तर आता हे. मी मनाचा मोठेपणा करतोय असं तुला वाटतं. तसं नाही हे पटवण्यासाठी मला जे सांगायचं नव्हतं तेच सांगावं लागणार. सोबत वहीचं एक पान जोडलंय, ते आधी बघ. माझ्या भरण्याच्या वहीतलं, माझ्याच अक्षरातलं. तारीख ९ सप्टेंबर १९९०.

त्या दिवशी मी त्याच लांब दाण्यांच्या डब्यातून माझ्यासाठी दहा भरायला बसलो. त्या मार्चमध्ये काम झाल्यावर नळकांड्यात उरलेलं मी त्याच डब्यात परत ओतलं होतं. चिमूटभर सांडलं, कागदावर गोळा केलं, आणि त्यात आखूड दाणे दिसले. भिंग आणलं. दिवा खाली ओढला. मग वहीत लिहिलं: ‘डबा मिसळलेला. ११ मार्चचं सगळं काम वाईट. नॉरिस ५०, मर्ल २०.’ पान फाडलं. फाडलं पण जाळलं नाही. का, ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. डबा उचलला आणि घरामागे आयलीनच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात ओतला. खत म्हणून चांगलं असतं. पुढच्या वर्षी रुबार्ब असा माजला की आर्लिस विचारायला लागली काय घालतोस. तिने त्याच्या देठांची गोड पाई भाजून आणली, ती मी कुत्र्याला घातली.

म्हणजे मला अडीच वर्षांपूर्वी कळलं. तुझ्याकडे त्रेचाळीस होती आणि मर्लकडे वीस, आणि मला ते माहीत होतं. तू तर आता बंदूक धरत नाहीस, असं स्वतःला सांगितलं. मर्लला स्विफ्ट आवडत नाही, तो तीच ती जुनी .३०-३० रायफल घेऊन फिरतो, असंही सांगितलं. परत मागितली असती तर दोघांनीही का विचारलं असतं.

यावरही तू म्हणशील, सप्टेंबरमध्ये कळलं, जूनमध्ये माझा डोळा गेला तेव्हा तर माहीत नव्हतं, तेव्हा चिंधीचं तू मनापासून म्हणालास.

नाही.

तुला इस्पितळात नेलं त्याच दुपारी मी तुझी रायफल माझ्या गाडीत टाकून आणली. आठवतं, सगळे म्हणाले, व्हर्लिनला बघू दे. बोल्ट फोडून काढला आणि नळीतून शिशाचा गोळा ढकलत नेला, हळूहळू, टोकापर्यंत. नळीत चिंधी अडकून गोळी सुटली तर त्या जागी नळी आतून फुगते. गोळा तिथे सैल पडतो, हाताला लगेच कळतं. तुझ्या नळीत गोळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा गेला. कुठेही सैल नाही. चिंधी नव्हतीच. ते मला त्या दिवशी संध्याकाळी चार वाजता माहीत होतं, तुझा डोळा काढायच्या आधी.

मग उरलं काय तर काडतूस. काडतूस माझं. मी अर्ध्या जिल्ह्याची काडतुसं भरत होतो. लोक म्हणायचे, व्हर्लिनचं असेल तर डोळे मिटून झाड. आणि ती पन्नास मी आयलीन जायच्या आधीच्या आठवड्यात भरली होती. ती तिथे पडली होती आणि मी तळघरात होतो. कुणी काडतुसाबद्दल विचारायला लागलं की पुढचा प्रश्न तोच येणार होता, त्या दिवशी तू कुठे होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत मी बसलो आणि म्हणालो, “नळी साफ केली आणि चिंधी आत विसरला.” कुणीतरी हसलं. त्या आठवड्यापासून तू गावात चिंधी झालास. मी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही एवढंच. तू पट्टी बांधून घरी आलास आणि मला विचारलंस, “मी खरंच विसरलो का रे? मला आठवतं की काढली होती.” मी म्हणालो, “माणसाला तेवढंच आठवतं जेवढं हवं असतं.”

ते वाक्य मी तुला म्हणालो. रोज ऐकू येतं असं काही म्हणत नाही. पुष्कळ दिवस ऐकू येत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आता सांग, हा मनाचा मोठेपणा आहे का?

रविवारी कुरणात जाऊ नकोस. ड्वाइटला मी सगळं सांगितलंय. त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणखी कुणाकडे आहेत का, आणि मी नाही म्हणालो होतो. काल सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, “चाळीस उरली ना? चाळीस आणव.”

व्हर्लिन


३० एप्रिल, शुक्रवार

नॉरिस,

हे पत्र आर्लिसच्या हाती देतोय, ती आज तिकडे निघाली आहे. संध्याकाळी तुझ्या हातात पडेल.

आज सकाळी कॅफेत गेलो. आर्लिसने सोडलं. काठी टेकत आत गेलो तर नेहमीचे पाचजण होते, मर्ल धरून. ड्वाइटही मुद्दाम आला होता, कोपऱ्यात उभा. मी खुर्चीवर बसलो नाही, बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो.

सांगून टाकलं. नळीचं, मापाचं, सप्टेंबरचं. मोजून दहा मिनिटं लागली नसतील.

मर्ल म्हणाला, “म्हणजे आम्ही इतकी वर्षं त्याला चिंधी चिंधी म्हणत होतो...”

“होय.”

“आणि तू इथे बसून ऐकत होतास.”

“होय. इथेच. याच खुर्चीवर.”

“माझ्या टपालात कार्ड आलं होतं त्याचं, ख्रिसमसला,” मर्ल म्हणाला. “खाली सही केली होती, चिंधी. मी फ्रिजवर लावलं. मला वाटलं, गडी मनावर घेत नाही.” मग तो माझ्याकडे बघत राहिला. गालावरची साल अजून निघतेय त्याची. “आणि माझ्या तोंडाचं काय?”

ड्वाइट कोपऱ्यातून म्हणाला, “तुझं तोंड आधीही काही बघण्यासारखं नव्हतं.”

कुणी फारसं हसलं नाही. मर्लने आपली कॉफी अर्धी सोडली, टोपी घातली आणि माझ्या बाजूने गेला. खांद्याला धक्का लागू नये म्हणून वळला, एवढं मात्र केलं. बाकीचे टेबलाकडे बघत होते. कॅफेवाल्या बाईने माझा कप भरला नाही. मी मागितलाही नाही.

घरी येऊन मापाचं यंत्र, तराजू आणि सगळे डबे खोक्यात घातले. ड्वाइट उद्या घेऊन जाईल. मी आता कुणासाठी भरणार नाही, आणि कुणी मागणारही नाही. हात थरथरतात असंही नाही. हात अजून चांगले आहेत.

काल दुपारी जोलीनने पुन्हा फोन केला. म्हणाली, मंगळवारपासून ते वहीचं पान तुझ्या शर्टाच्या खिशात आहे. तू दोन दिवस काही बोलला नाहीस, जेवलास, गुरांचं बघितलंस. मग काल सकाळी डबी पलंगाखालून काढलीस, किल्लीसकट तिच्या हातात दिलीस आणि म्हणालास, गाडीत ठेव. पुढच्या सीटवर नको, मागे ठेव.

मी विचारलं, “आणखी काही म्हणाला?”

“म्हणाले, मी काढली होती. चिंधी. मला आठवत होतं.” थांबून म्हणाली, “काका, बाबा रडत नव्हते हं. उलट जरा ताठ बसले होते.”

मग ती म्हणाली, “रविवारी आम्ही येतोय. बाबा येतो म्हणालेत. तुमच्याशी बोलतील का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारणार नाही.”

तर ठरलं ते असं. रविवारी अकरा वाजता, चर्च सुटल्यावर, ड्वाइट दुकान उघडेल. चाळीसच्या चाळीस एकेक करून उघडणार, बारूद पांढऱ्या कागदावर, प्रत्येकाचा कागद वेगळा. मर्लही येतो म्हणालाय, त्याला बघायचंय. मी आधीपासून बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. तुला दुकानात यायचं नसेल तर गाडीतून उतरू नकोस. ड्वाइट घडीचं टेबल बाहेर आणेल आणि तुझ्या खिडकीशी मांडेल, तुझ्या डाव्या डोळ्याला नीट दिसेल असं. त्याला मी तसं सांगून ठेवलंय. मी जवळ यावं की नाही ते तू काच खाली करशील तेव्हा कळेल.

व्हर्लिन